सांगितलं कुणाला

सायन्सची मुलं इतिहासाच्या स्टाफरूमकडे कधी फिरकत नसत. त्यांचं तिथे काम काय? त्यामुळे राही शिद दारात येऊन उभी राहिली तेव्हा सुषमाबाई टिपणीसांना वाटलं, पोरगी खोली चुकली. लायब्ररी वरच्या मजल्यावर आहे असं त्या सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली की तिला इतिहासाच्याच मॅडम हव्या आहेत.

मामला असा होता. कॉलेजात विज्ञान सप्ताह भरणार होता. अंबरनाथच्याच एका रसायन कंपनीच्या ट्रस्टने त्याचा भार उचलला होता आणि वक्तृत्व स्पर्धेला विषय दिला होता, 'शास्त्रज्ञांचे समाजाला योगदान'. बाकीच्या मुलांनी रॉकेट, लस, मोबाइल असे विषय पटापट पकडले. राहीने केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं, शास्त्रज्ञांच्या हातून वाटोळं झालं त्यावर बोललं तर चालेल का. सर हसले आणि म्हणाले, हे केमिस्ट्रीत येत नाही, हा इतिहास झाला. असं टोलवलं की मुलं गप्प बसतात. राहीने सरांचा शब्द खरा धरला आणि जिना उतरून इतिहासाकडे आली.

पोरगी बारावीची. वांगणीच्या पुढे डोंगराच्या पोटात ठाकरवाडी आहे, तिथली. बाप सुकऱ्या पावसाळ्यात भात लावायचा आणि एरवी बदलापूरच्या बांधकामांवर बिगारी करायचा. दहावीनंतर वाडीतून येणं-जाणं जमेना म्हणून तिला अंबरनाथला बुवापाड्यात थोरल्या आत्याकडे, विठाकडे ठेवली होती. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत, आणि प्रश्न विचारून झाल्यावर समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. सुषमाबाई इतकी वर्षं अर्ध्या रिकाम्या बाकांना सनावळ्या सांगत आल्या होत्या. पोर्शनच्या बाहेरचं कुणीतरी विचारतंय हे बघून त्यांचा थकवाच गेला. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

सुरुवात त्यांनी फ्रिट्झ हाबरपासून केली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ. हवेतला नायट्रोजन धरून त्याचा अमोनिया कसा करायचा ते त्याने शोधलं. त्यातून रासायनिक खत निघालं आणि जगातल्या कितीतरी माणसांच्या पानात अन्न पडलं. राहीने मध्येच विचारलं, म्हणजे युरिया का, आमच्या भाताला मारतात तो? तोच, बाई म्हणाल्या, त्याची मुळी तिथली. मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्याच हाबरने पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या आघाडीवर क्लोरिनची नळकांडी नेली, वारा शत्रूच्या बाजूला वाहायची वाट बघितली आणि ती उघडायला लावली. खंदकातली माणसं गुदमरून मेली. युद्ध संपल्यावर त्याला नोबेल मिळालं. गॅसबद्दल नव्हे, अमोनियाबद्दल.

त्या संध्याकाळी राहीने बापाला फोन करून हे सगळं ऐकवलं. सुकऱ्या म्हणाला, "खत बेस हाय. त्यो मानूस कसा व्हता त्ये मना काय ठाव." तिने ते दुसऱ्या दिवशी बाईंना जसंच्या तसं सांगितलं, आणि दोघीही हसल्या.

मग हाबरची बायको आली, क्लारा. तीही रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, बायका कॉलेजाची पायरी चढत नव्हत्या त्या काळी. लग्नानंतर तिचं शास्त्र घरकामात बुडालं. गॅसच्या हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने जीव दिला, आणि नवरा लगोलग पुढच्या आघाडीवर निघून गेला. राहीने वहीत लिहायला घेतलं, 'गॅसचा निषेध म्हणून'. बाईंनी तिचा हात धरला. क्लाराने कारण लिहून ठेवलेलं कुणाला सापडलेलं नाही, इतिहासकारांत त्यावरून वाद आहेत, आणि आपल्याला बरं वाटतं म्हणून मेलेल्या बाईच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नसतं. राहीला ते पटलेलं दिसलं नाही. पण तिने ती ओळ खोडली.

बाईंनी तिला एवढंच शिकवलं. निकाल द्यायची घाई करू नकोस. आधी बघ, त्या माणसाला त्या वेळी काय ठाऊक होतं, नाही म्हणायची त्याला सोय होती का, आणि नाही म्हटल्यामुळे त्याला काय भोगावं लागलं. योसेफ रोटब्लाटची गोष्ट त्यांनी यासाठीच काढली. अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामावर असलेला हा पोलंडचा भौतिकशास्त्रज्ञ. जर्मनी बॉम्ब करत नाही असं कळलं तेव्हा, मग आपण तरी का करायचा, असं म्हणून काम सोडून निघाला. जाताना त्याला बजावलं होतं, सहकाऱ्यांना खरं कारण सांगायचं नाही. त्याने ते मानलं. बॉम्ब पडायचा तो पडलाच. मग मात्र तो जन्मभर अण्वस्त्रांविरुद्ध बोलत राहिला.

राहीने पेन ओठांवर आपटलं. "मॅडम, तुमच्या प्रश्नांत एक कमी आहे. माहीत झाल्यावर त्याने सांगितलं कुणाला?"

बाईंना तो प्रश्न फारच आवडला. इतका, की त्या भरात त्या म्हणाल्या, शास्त्रज्ञ बघायला तुला जर्मनीला जायला नको. रविवारी माझ्या घरी ये.

सुषमाबाईंना आयुष्यात ज्या गोष्टीचा सगळ्यांत जास्त अभिमान होता, ती त्यांच्या हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेली असायची. त्यांचे वडील, दिनानाथ टिपणीस. ऐंशीच्या दशकात ते रंगांचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यात केमिस्ट होते. तो कारखाना आता नाही, त्या जागी गोदाम उभं आहे. तिथल्या एका मालामुळे कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो असं परदेशातलं संशोधन त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी मालकाला सांगितलं, हा विभाग बंद करा, निदान सांडपाणी नाल्यात सोडू नका. मालकाने चहा पाजला आणि विषय बदलला. दिनानाथांनी राजीनामा दिला. पुढे बरेच महिने त्यांना काम नव्हतं. सुषमाबाई तेव्हा शाळेत शिकत होत्या. घरातली ओढाताण त्यांना आठवत होती आणि आईचं रडणंही. पण बाबा वाकले नाहीत, हे त्या वर्गावर दरवर्षी एकदा तरी सांगत. लग्न न करता बाबांजवळ राहिल्या त्याचंही त्यांना कधी ओझं वाटलं नव्हतं.

रविवारी राही आली. खाली शिवमंदिराकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न चालू होते, म्हणून बाईंनी खिडकी लावून घेतली. दिनानाथांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते छान बोलले. मालक, तो चहा, ते राजीनाम्याचं पत्र, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. राहीने मान खाली घालून लिहून घेतलं. मग तिने विचारलं, तुम्ही सोडल्यावर ते काम बंद झालं का.

बंद कसलं, दिनानाथ म्हणाले, दुसरा केमिस्ट आला. पुढे कितीतरी वर्षं चाललं.

"मग तुम्ही जाताना तिथल्या कामगारांना काही सांगितलं का, सर?"

"काय सांगायचं?"

"हेच. हाताला लावू नका, कामाचे कपडे घरी नेऊ नका. नाल्यात जातंय, तिकडे पोरं सोडू नका."

दिनानाथांनी चष्मा काढून हातात घेतला. राही थांबली नाही. तिच्या आत्याचा नवरा, तिचा आतोबा, त्या कारखान्यात फावड्याने माल भरायचा. तिने त्याला बघितलेलं नव्हतं, ती जन्मायच्या आधीच तो गेला. आत्या सांगायची, कितीही घासलं तरी त्याच्या नखांचा रंग जायचा नाही. शेवटी लघवीतून रक्त पडायला लागलं. उल्हासनगर कॅम्प दोनच्या एका डॉक्टरने मुतखड्याचं औषध दिलं. मरेपर्यंत तो माणूस मुतखडाच समजत होता.

हे तिने रडून सांगितलं नाही. भूगोलातली माहिती सांगावी तसं सांगितलं.

दिनानाथांचा आवाज चढला. त्या काळी कारखान्यातलं बाहेर बोलणं म्हणजे कोर्टकचेरी होती. कामगारांनीच मारलं असतं मला, त्यांना नोकरी हवी होती. शिकलेल्यांनी ऐकलं नाही, ते काय ऐकणार होते. "मी संसारावर पाणी सोडलं, पोरी. त्या अख्ख्या कारखान्यात एवढं करणारा मी एकटा होतो. आणि तू मला विचारतेस?"

"हो, तुम्हालाच," राही म्हणाली. "बाकीच्यांना विचारून काय फायदा? त्यांना माहीतच नव्हतं."

दिनानाथ उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

राहीला रिक्षापर्यंत सोडायला बाई खाली उतरल्या. खरं सांगायचं तर त्या वेळी बाईंना तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली होती. घरी बोलावलं, पोहे खाऊ घातले, आणि या वयाच्या माणसाला असं उभं-आडवं घेतलं. रिक्षा गेली. बाई घरी न जाता तशाच चालत देवळाच्या दिशेने गेल्या. वाटेत केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं, की बाबांची ही गोष्ट आपण शेकडो मुलांना सांगितली, पण तिच्यात मालक होता, बाबा होते, आई होती, आपण होतो. फावडं मारणारा एकही माणूस नव्हता. ते कोण होते, कुठे राहत, पुढे त्यांचं काय झालं, हे इतिहास शिकवणाऱ्या बाईने एकदाही विचारलं नव्हतं. राग उतरला नाही, पण तो आता राहीवर राहिला नाही.

घरी आल्यावर दिनानाथांनी एवढंच विचारलं, भाषणात ती माझं नाव घेणार का. बाई म्हणाल्या, मुलाखत तुम्हीच दिलीत. त्यानंतर आठवडाभर बापलेकींचं बोलणं मीठ दे, टीव्ही बारीक कर, एवढ्यावर आलं.

राहीने भाषण लिहून दिलं. बाईंनी त्यातली तपशिलाची चूक तेवढी सुधारली, बाकी कशाला हात लावला नाही. शेवटचा भाग अंबरनाथचा होता. त्यात टिपणीसांचा राजीनामा होता, नाला होता, आणि तो प्रश्न होता.

उपप्राचार्य धर्मराज गोडांबे यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांशी गोड राहून निभावून नेणारा होता. भाषण उत्तम आहे म्हणाले. तो जर्मन शास्त्रज्ञ, त्याची बायको, बॉम्ब, सगळं फर्स्ट क्लास. फक्त पाहुणे कंपनीचे आहेत. तो जुना कारखाना बंद झालाय हे खरं, पण समोर बसलेल्याला वाटणारच, बोट आपल्याकडे आहे. "मॅडम, जर्मनीचं राहू द्या. अंबरनाथचं काढा."

बाई म्हणाल्या, अंबरनाथचं काढलं तर जर्मनीचं सांगायचं कशाला? बेल्जियमच्या लोकांनी आपल्याला काही विचारलेलं नाही.

गोडांबे सरांनी मग आवाज खाली आणला. यात तुमच्या वडिलांचीच अब्रू जाते, या वयात त्यांना हे सोसेल का, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. हा विचार बाईंच्याही मनात येऊन गेला होता. एक परिच्छेद गाळला असता तर कॉलेज खूश, बाबा खूश, आणि राहीला बक्षीससुद्धा मिळालं असतं. सगळ्यांची सोय होत होती. सोय बघूनच तर त्या मालकाने चहा मागवला होता.

"सर, माझ्या वडिलांची अब्रू मी सांभाळेन. तुम्ही स्पर्धा सांभाळा. त्यातला एक शब्द निघणार नाही."

दुसऱ्या दिवशी बोर्डावर स्पर्धकांची नावं लागली. त्यात राहीचं नव्हतं. बाईंना वाटलं, पोरगी खचेल. समजूत काढायला म्हणून त्या काहीतरी शोधत होत्या, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मॅडम, कॉलेजच्या बाहेर बोलायला परमिशन लागते का?"

लागत नाही, बाई म्हणाल्या.

बुवापाड्यात वस्तीचं समाजमंदिर होतं. बारसं, हळद, तेराव्याचं जेवण, सगळं तिथेच व्हायचं. विठाने किल्ली मिळवली. दिवस मुद्दाम स्पर्धेचाच धरला, संध्याकाळचा. आता बाबांना सांगणं भाग होतं. बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि सगळं सांगितलं, केबिनमधलंही. नाव गाळायचं असेल तर सांगा, तेवढं मी तिला विचारीन, असंही म्हणाल्या.

दिनानाथांनी पेपरची घडी घातली. "नाव गाळायचं नाही. माझ्यामागे काय बोलते ते मला ऐकायचंय. मी येणार. आणि गप्प बसायला येणार नाही."

ही धमकी होती हे बाईंना कळलं. त्यांनी रिक्षा सांगून ठेवली.

त्या संध्याकाळी समाजमंदिरात बायकाच जास्त होत्या, कामावरून परस्पर आलेल्या, पिशव्या मांडीवर घेऊन सतरंजीवर बसलेल्या. मागे राहीच्या वर्गातली काही मुलं कॉलेजचा कार्यक्रम सोडून आली होती. सुकऱ्या बदलापूरहून साइटवरूनच आला, पायाला सिमेंट तसंच. दिनानाथ पहिल्या रांगेतल्या एकुलत्या खुर्चीत, काठी दोन्ही हातांत धरून, ताठ बसले.

राही बोलायला उभी राहिली. कॉलेजसाठी लिहिलेली छापील मराठी तिने बाजूला ठेवली आणि गल्लीत बोलते तशी बोलली. भाताला मारतो तो युरिया आणि माणसं मारतो तो गॅस, हे एकाच डोक्यातून कसं आलं ते तिने सांगितलं. बायकांनी ऐकलं. क्लाराची गोष्ट आली तेव्हा पुढे बसलेली विठा शेजारणीला म्हणाली, तिला कुनी इचारलाच नसंल. रोटब्लाट झाला. मग अंबरनाथ आलं. टिपणीस सरांचं तिने वाकडं काही सांगितलं नाही, हे बाईंनी कान देऊन ऐकलं. त्यांनी काय वाचलं, मालकाला काय म्हणाले, घरी काय भोगलं, सगळं नीट, मानाने सांगितलं. आणि मग म्हणाली, त्या कारखान्यात सगळ्यांत धीट माणूस हाच होता, म्हणून त्यालाच विचारायचं, की तुम्ही सांगितलं कुणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खुर्चीकडे बघायला लागले.

दिनानाथ उठले. माईक कुणीतरी पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. म्हणाले, पोरगी अर्धवट बोलली. मालाचं नाव चुकीचं उच्चारलं. बेंझिडीन म्हणायचं. नाल्याचं सांगितलं पण नाला हा त्यातला लहान भाग होता. त्यांच्या बोलण्यात माफीचा सूर नव्हता. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्याला झाडावं तसे ते बोलत होते. काठीने त्यांनी मागच्या भिंतीकडे दाखवलं. तिच्यापलीकडे कारखान्याच्या जागी जे गोदाम आहे, त्याच्या डाव्या अंगाला मोठा खड्डा होता. टाकीतला गाळ तिथे ओतायचे आणि वर मुरूम टाकायचे. वर्षानुवर्षं. तो कुणी उपसला असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

"एवढं मला ठाऊक होतं. आता तुम्हालाही ठाऊक आहे. मी गप्प बसलो म्हणता ना? मग आता विचारा काय विचारायचं ते."

बायकांत कुजबुज सुरू झाली. गोदामाच्या डाव्या अंगालाच गल्लीची बोअरवेल होती. नळाला पाणी नसलं की सगळी गल्ली तीच हापसायची.

विठा उठली. पदर खोचून ती दिनानाथांच्या समोर जाऊन उभी राहिली. ती त्यांच्या खांद्याला लागत होती.

"माझा मानूस तुमाला साहेब म्हनायचा. तुमचा नाव घरात घ्यायचा, बरा साहेब हाय म्हनायचा. तवा का नाय सांगितला?"

बाई जागेवरून उठल्या होत्या, पुन्हा बसल्या. हे बाबांनाच निभवायचं होतं.

"मला वाटलं, मी नोकरी सोडली म्हणजे माझ्याकडून झालं," ते म्हणाले. "ते पुरेसं नव्हतं. या पोरीकडून ऐकून घ्यायचं नव्हतं मला, म्हणून रागावलो."

विठाने मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं. "आता बोअरचा सांगा. पानी घ्यायचा का नाय?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. तपासेपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला थेंबही घेऊ नका."

एवढं बोलून ते खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. राहीने बाटलीचं आणून दिलं.

त्याच वेळी कॉलेजात मोबाइलवरच्या भाषणाला पहिलं बक्षीस मिळालं. सोमवारी सुषमाबाईंच्या टेबलावर मेमो आला, परवानगीशिवाय विद्यार्थ्यांना बाहेरच्या कार्यक्रमाला नेऊन संस्थेच्या प्रतिमेला बाधा आणल्याबद्दल खुलासा करावा. बाईंनी खुलासा केला. विद्यार्थिनी स्वतः गेली, मी तिच्या निमंत्रणावरून गेले, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन. सहकाऱ्यांपैकी दोघी-तिघींनी हळूच पाठ थोपटली, बाकीच्यांनी काही दिवस त्यांच्या टेबलावर डबा खाल्ला नाही. गोडांबे सर भेटले की गुड मॉर्निंग म्हणायचे, जरा लवकरच म्हणायचे.

दिनानाथांनी राहीला घेऊन बोअरवेलचे आणि नाल्याचे नमुने भरले. त्याआधी त्यांनी गमबूट मागितले, बाईंनी ते उल्हासनगरहून आणून दिले. नमुना कसा भरतात, बाटली आधी का विसळायची, झाकणाला आतून बोट का लावायचं नाही, यावरून ते त्या पोरीवर सारखे खेकसत. तीही उलट विचारायची. ठाण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल दिवाळीनंतर आला. बोअरच्या पाण्यात जे असायला नको ते होतं. किती, कधीपासून, कुणामुळे, यावर नंतर पुष्कळ वाद झाले, पण होतं यावर वाद झाला नाही. अर्ज गेले. ते पुढे सरकेनात तेव्हा विठा आणि गल्लीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेच्या जिन्यावर बसल्या आणि उठायला तयार झाल्या नाहीत. मग पालिकेने बोअरच्या हापशाचा दांडा काढून नेला, गल्लीत नवी पाइपलाइन आली. खड्ड्याची चौकशी अजून चालू आहे. गोदामवाल्याने वकील दिला आहे. दिनानाथांनी साक्ष दिली, आणि उलटतपासणीला मी यायला तयार आहे असं मागितल्यावाचून लिहून दिलं.

विठा त्यांच्या घरी कधी आली नाही. त्यांनीही तिला या म्हटलं नाही. रस्त्यात दिसली की ते थांबत, ती मान डोलवून पुढे जाई. सुषमाबाईंना वाटे, यापेक्षा जास्त कुणी मागूही नये.

बारावीचा निकाल लागला तेव्हा सुकऱ्या लेकीला घेऊन टिपणीसांकडे आला. सोबत वाडीत राखून ठेवलेले करांद्याचे कंद आणले होते. राहीला चांगले मार्क होते, आणि तिने बी.एस्सी.ला केमिस्ट्री घ्यायचं ठरवलं होतं. सुकऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, की बाई, तुमी तरी सांगा हिला. नर्स हो, शिक्षिका हो, पण ज्याने हिच्या आतोबाला खाल्ला त्याच धंद्यात कशाला जाते?

बाईंनाही ते थोडं पटलं होतं. त्यांनी राहीकडे पाहिलं.

"आत कुणाला तरी कळलं पाहिजे ना, बा," राही म्हणाली. "तुला ठाव नव्हता, आतोबाला ठाव नव्हता. मला कळंल."

दिनानाथ खिडकीजवळून म्हणाले, बोललीस तर तिथे टिकू देणार नाहीत.

"काढतील तर काढू दे. पण मी मुकाट बाहेर पडणार नाही, सर. गेटवर उभं राहून सांगून जाईन."

सुकऱ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हसून मान हलवली, ही ऐकायची नाय. दिनानाथ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, गेटवर उभं राहायला आधी आत जावं लागतं आणि त्याला ऑरगॅनिक यावं लागतं, ते तुझं कच्चं आहे. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, टेबल पुसलं आणि तिला समोर बसवलं. सुषमाबाई करांदे उकडायला टाकायला आत गेल्या. बाहेर बाबांचा आवाज चढला, पाठोपाठ राहीचाही चढला. बाईंनी गॅस बारीक केला, म्हणजे भांडण नीट ऐकू येईल.